उंची

सकाळी साडेसात. शंकरनगर चौकातल्या गाडीवर
तर्रीला अजून उकळी यायची होती
आणि वाद केव्हाच उतू गेलेला.

कंपनी दुपारी येणार, अमरावतीचा प्रयोग आटपून,
एक बस, एक ट्रक, ऑर्गन गादीत गुंडाळलेला.
'संगीत उत्तररंगिणी'. सतरा वर्षं तेच पडदे, तीच पदं.
नायिका तेवढी नवी.

"सुमेधाबाईंचे गुडघे गेले म्हणून काय
कोणालेही उभं करून द्याचं?"
हे हेडाऊ डॉक्टर. दातांचे.
बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात.
"आवाज आहे, मी कुठं नाही म्हणतो?
पण पोरगी पावणेसहा फूट हाय बाप्पा!
नायक तिच्या कानापाशी येते.
प्रेमाचं पद म्हणून राहिला
का तक्रार सांगून राहिला, समजतच नाही."

कवडू मेश्रामने चमच्याने प्लेटच्या काठावर ठेका धरला.
"मंग डोळे मिटून आयका ना.
लाखांदूरची पोरगी आहे, आपल्या इकडची.
झाडीपट्टीत पहाटेपर्यंत गायली,
बिड्यांच्या धुरात, थंडीत, माइक बंद पडले तरी."

"डोळेच मिटायचे तर साडेतीनशेचं तिकीट कायले?"
शालू गोतमारे म्हणाली. "घरी रेडिओ आहे माझ्या."

पिंजरकर मध्येच म्हणाले, सुमेधाबाई
त्या 'सा'वर अशा थांबायच्या
जसं कोणी उंबऱ्यावर थांबतं, आत यायचं की नाही.
त्यावर कोणालाच काही सुचलं नाही.
गाडीवाल्याने विचारलं, चना अजून टाकू का.

"तुम्ही बोला ना ताई. तुम्ही गात होत्या न?"
मी लिंबू पिळलं.
म्हटलं, मीठ कमी आहे आज.

एकोणऐंशी साल. महालातल्या एका शाळेचा हॉल,
फळ्यावर अर्धवट पुसलेला भूमितीचा वर्तुळ-कंस,
आणि अशाच एका कंपनीचे मालक, पेटीवर.
दोन पदं म्हटली मी, काळी चारमध्ये.
तिसऱ्याला त्यांनी भाता सोडला नाही,
फक्त माझ्या पायांकडे पाहिलं, टाचा शोधत.
चपला तर मी दाराबाहेर काढल्या होत्या.
"गळा देवाने दिला बाई,
पण जरा जास्तच उंचावर ठेवला."
सगळे हसले. मीही हसले, हसताना वाकले,
ते सरळ व्हायचं राहूनच गेलं.

मग टेलिफोन एक्स्चेंज, एकतीस वर्षं.
हेडफोन, वायरी, वर्धा बोला, गोंदिया बोला.
तारेतून कोणाची उंची कळत नाही.

रात्री नांदीनंतर पडदा सरकला.
पूर्वा लांजेवार. खरंच उंच.
पहिला अंक तिने मान खाली घालून काढला,
नायक पायरीवर, ती पायरीखाली,
तिचे खांदे मला पाठ होते.
शालूने कोपराने ढोसलं: बघ, म्हटलं नव्हतं?

मागून कोणीतरी म्हणालं,
"ताई, जरा खाली सरका ना जी, दिसून नाही राहिलं."
सरकले. सवयच आहे.

दुसऱ्या अंकात राजा तिला हाकलून देतो, तिथलं पद.
तबला थांबला. ऑर्गन एका सुरावर.
तिने पदर खोचला आणि पाठ सरळ केली,
सावकाश, एकेक मणका मोजत असल्यासारखी,
आणि त्या 'सा'वर ती थांबली नाही,
सरळ आत गेली.

मी कधी ताठ बसले मला कळलं नाही.
मागून पुन्हा "ताई"... मग "अहो ताई"...
मग तोही गप्प झाला.

बाहेर पार्किंगमध्ये डॉक्टर स्कूटरला किक मारत म्हणत होते,
"गायली. गायली म्हणतो ना मी.
पण नायक बदलायला पाहिजे."